घरचा फराळ, लोणची आणि डबे विकण्यापूर्वी कोणते नियम पाहावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतील सोसायटीच्या फ्लॅटमधून तुम्हांला दिवाळीचा फराळ, लोणची आणि भाजणी विकायची आहे आणि जम बसल्यावर जवळच्या कार्यालयांत दुपारचे डबेही द्यायचे आहेत. एका परिचिताने ओळखीच्या लोकांना विकायला कसलाही कागद लागत नाही असे सांगितले, दुसऱ्याने मोठ्या दंडाची भीती घातली, आणि सोसायटीच्या सचिवांनी इमारतीत धंदा चालणार नाही असे तोंडी बजावले. दिवाळीला अडीच महिने उरले असताना नेमके काय करायचे, हे तुम्हांला कळेनासे झाले आहे.

मी अन्नतंत्रज्ञान शिकलो असून गेली अनेक वर्षे ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील घरगुती उत्पादक व बचत गट यांच्या नोंदणीचे, लेबलांचे आणि स्वयंपाकघरातील व्यवस्थेचे काम करतो. त्या अनुभवातून सांगायचे तर, परवाना लागतो की नाही हा तुमच्यापुढचा खरा पेच नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरे द्यावी लागतात आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ होतो. अन्न व औषध प्रशासनाला पदार्थ सुरक्षित आहे का, हे पाहायचे असते. सोसायटी आणि महानगरपालिका यांना जागेचा वापर कसा होतो, हे पाहायचे असते. आणि पाकीट हातात घेणाऱ्या माणसाला आत काय आहे, ते केव्हा बनवले आणि बिघडल्यास कोणाला जाब विचारायचा, हे कळायला हवे असते. यांपैकी एकाची मान्यता मिळाली म्हणून दुसऱ्याची आपोआप मिळत नाही. शिवाय तुम्ही काय बनवता, ते बंद पाकिटात विकता की ताजे वाढता, आणि वर्षाची उलाढाल किती होते, यांवर उत्तरे बदलतात. म्हणून फराळ आणि डबे यांचा विचार मी जागोजागी वेगळा केला आहे.

प्रथम ओळखीच्या लोकांना विकण्याचा मुद्दा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यात अन्न व्यवसायाची व्याख्या करताना तो नफ्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सार्वजनिक, असे स्पष्ट शब्द आहेत. त्यामुळे गिऱ्हाईक शेजारी आहे, मैत्रीण आहे किंवा व्हॉट्सॲपच्या गटातील सदस्य आहे, याने फरक पडत नाही. लग्नघरी मदत म्हणून लाडू वळून देणे वेगळे आणि किलोचा दर ठरवून मागणी घेणे वेगळे. दर ठरवून नियमित विक्री सुरू झाली की तुम्ही कायद्याच्या भाषेत अन्न व्यावसायिक झालात, असे समजून चालावे. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण नोंदणी टाळण्यासाठी ओळखीचे नाते पुढे करणाऱ्या घरांत त्याच नात्याच्या भरवशावर लेबल, तारखा आणि नोंदीही टाळल्या जातात आणि कोणाला त्रास झालाच तर हातात दाखवायला काहीही नसते.

दिलासा असा की लहान उत्पादकासाठी कायद्याने वाट सोपी ठेवली आहे. कलम ३१ नुसार स्वतः बनवून विकणाऱ्या लहान उत्पादकाला परवान्यातून सूट आहे, मात्र नोंदणी आवश्यक आहे. २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांत या नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले गेले. मर्यादा, शुल्क आणि मुदत यांत वेळोवेळी सुधारणा होते, म्हणून अर्ज भरताना एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) फॉसकॉस या पोर्टलवर जो आकडा दिसेल तोच धरावा. अर्ज ‘फॉर्म ए’ या नमुन्यात ऑनलाइन भरता येतो. छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा एवढी कागदपत्रे सहसा पुरतात. त्याच विनियमांनुसार अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी किंवा तपासणीची सूचना द्यावी. तपासणी ठरल्यास ३० दिवसांत निर्णय द्यावा. आणि या मुदतींत काहीच न कळवल्यास लहान उत्पादकाला काम सुरू करता येते, मात्र अधिकाऱ्याने नंतर सुचवलेल्या सुधारणा त्याच्यावर बंधनकारक राहतात. एवढी स्पष्ट तरतूद असताना ओळख लावून देण्यासाठी किंवा फाइल पुढे सरकवण्यासाठी कोणी जादा पैसे मागत असेल तर ते देण्याचे काहीही कारण नाही.

अर्जात एका ठिकाणी मात्र सावध राहा. व्यवसायाचा प्रकार निवडताना अनेक जण सूचीतील पहिला जवळचा वाटणारा पर्याय निवडून मोकळे होतात. पाकिटात भरलेली चकली, लोणचे आणि भाजणी हे उत्पादन आहे, तर दुपारचा डबा ही अन्नसेवा आहे आणि तिच्यासाठी घरगुती खानावळ किंवा डबेवाला असा वेगळा प्रकार ठेवलेला आहे. तुम्हांला दोन्ही करायचे असतील तर दोन्ही नोंदवा. केवळ डब्यांची नोंदणी असताना त्या क्रमांकाने लोणच्याची बरणी विकली तर तपासणीत तो दोष ठरतो, आणि दुकानदार किंवा ऑनलाइन विक्री-मंच माल स्वीकारण्यापूर्वी हीच गोष्ट तपासतात. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. तो तुम्ही अर्जात दिलेल्या पत्त्याशी बांधलेला असतो, त्यामुळे घर बदलल्यास तो तसाच वापरता येत नाही. हा क्रमांक पाकिटावर लागतोच. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणे बंधनकारक आहे.

उलाढाल कमी असली तरी नोंदणी पुरत नाही अशी काही क्षेत्रे आहेत. पौष्टिक पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्या, बाटलीबंद पिण्याचे पाणी आणि निर्यात यांसाठी परवाना लागतो. परदेशातील नातेवाइकाला आपल्या घरचा फराळ कुरियरने पाठवणे ही निर्यात नव्हे, पण परदेशी गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन नियमित माल पाठवणे ही निर्यात आहे.

आता दंडाची भीती. कायद्यात कडक शिक्षा आहेत हे खरे. असुरक्षित अन्नाने कोणाला इजा झाली तर फौजदारी कारवाई होते आणि ती व्हायलाच हवी. लहान उत्पादकाला प्रत्यक्षात अधिक लागू पडतात ती दोन कलमे: चुकीचे किंवा अपुरे लेबल असल्यास कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत आणि अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनवल्यास कलम ५६ खाली १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कमाल आकडे आहेत. दंड ठरवताना त्यातून किती लाभ झाला, दोष पुन्हा पुन्हा घडला का आणि तो जाणूनबुजून केला का, हे पाहावे असे कलम ४९ सांगते, तर कलम ३२ खाली आधी सुधारणा-नोटीस देण्याची वाट आहे. माझ्या अनुभवात प्रामाणिकपणे नोंदणी केलेल्या आणि वही ठेवणाऱ्या घरगुती उत्पादकाशी अधिकारी बहुधा सुधारणेच्याच भाषेत बोलतात.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विनियमांच्या अनुसूची ४ च्या पहिल्या भागात लहान व्यावसायिकांसाठी स्वच्छतेच्या अटी आहेत आणि नोंदणी करताना त्या पाळण्याची हमी तुम्ही लिहून देता. पिण्यायोग्य पाणी, झाकलेला कचरा, कीटक-उंदीर यांचा बंदोबस्त, स्वच्छ हात व नखे, आजारी माणसाला कामापासून दूर ठेवणे, अशा त्या अटी वाचायला साध्या वाटतात. घरात त्या पाळणे कठीण जाते, कारण तेच स्वयंपाकघर कुटुंबाचेही असते. म्हणून मी सर्वांना वेळेची विभागणी करायला सांगतो. विक्रीचे काम सुरू होण्यापूर्वी ओटा रिकामा करून धुवावा, घरचा स्वयंपाक त्या वेळेत करू नये, पाळीव प्राणी आणि लहान मुले आत येऊ नयेत, हात पुसायचे आणि भांडी पुसायचे फडके वेगळे असावे, आणि विक्रीचे पीठ, तेल, मसाले वेगळ्या डब्यांत असावेत. घरात कोणाला जुलाब किंवा उलट्या होत असतील आणि तीच व्यक्ती पदार्थ बनवत असेल, तर त्या दिवसाची मागणी रद्द करावी. ऐन दिवाळीत हे फार जड जाते, तरीही यात सवलत घेऊ नये.

पदार्थाच्या स्वभावानुसार धोका बदलतो, हे समजून घेतले की बरेच नियम पाठ करावे लागत नाहीत. चिवडा, चकली, शंकरपाळी यांत पाणी फार कमी असल्याने जंतू सहसा वाढत नाहीत. ते बिघडतात तेलाला खवट वास येऊन. म्हणून तेथे तेलाची निवड, एकच तेल पुन्हा पुन्हा न तापवणे आणि हवाबंद पाकीट यांकडे लक्ष द्यावे. तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटक (तेल वारंवार तापवल्याने वाढणारे बिघाडाचे घटक) २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास ते वापरू नये असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरात हे मोजण्याचे साधन नसते, पण तेल काळपट व दाट झाले, फेस येऊ लागला, नेहमीपेक्षा लवकर धूर सुटू लागला की ते बाजूला काढावे.

लोणचे टिकते ते आंबटपणा, मीठ आणि वरचा तेलाचा थर यांच्या एकत्रित बळावर. ज्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; तो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली असतो अशा आंबट पदार्थात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढून विष तयार करू शकत नाहीत. कैरी आणि लिंबू यांची पारंपरिक लोणची सहसा या बाजूला असतात. याउलट नुसत्या तेलात बुडवलेला लसूण किंवा पुरेसा आंबटपणा नसलेले भाज्यांचे लोणचे वरून सारखेच दिसते, पण आत हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या जागेत धोका वाढतो. तुम्ही लसणाचे लोणचे करणार असाल तर त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांचे प्रमाण मापून ठरवा, अंदाजाने घालू नका, आणि विक्रीपूर्वी एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सामू तपासून घ्या.

डबे हा त्याहून वेगळा आणि अधिक जोखमीचा विषय आहे. शिजवलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर शिजण्यातूनही वाचलेले बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू (उष्णता सोसणारे सुप्त रूप) वाढू लागतात, आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, असा दंडक आहे. सकाळी सातला भात करून बाराला कोमट डबा देणे या कसोटीला उतरत नाही. स्वयंपाकाची वेळ वितरणाच्या जवळ आणणे, उष्णतारोधक डबे वापरणे आणि टोचून तापमान पाहण्याचा साधा थर्मामीटर घेणे, हे तिन्ही करणार असाल तरच डब्यांचे काम हाती घ्यावे.

लेबलकडे वळतो. बंद पाकिटावर पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, उत्पादक म्हणून तुमचे नाव व पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत हवी. तक्रारीसाठी दूरध्वनी किंवा ई-मेलही हवा. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल, मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटीत तपकिरी भरीव त्रिकोण असतो. गहू, दूध, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक वेगळे ठळक लिहावे लागतात. चिवड्यातील शेंगदाण्यामुळे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ही ओळ भरतीची समजू नका. बॅच क्रमांकासाठी तारीख आणि त्या दिवसाच्या घाण्याचा क्रम एवढे पुरते.

लेबलमधील दोन चुका मला वारंवार दिसतात. पहिली म्हणजे केवळ मराठीत छापलेले लेबल. नियमांनुसार आवश्यक तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत हवा आणि त्यासोबत अन्य भाषा चालते. म्हणजे मराठी जरूर छापा, पण तिच्या जोडीला इंग्रजी किंवा हिंदी असलेच पाहिजे. दुसरी चूक म्हणजे ‘तीन महिने टिकते’ असे मोघम वाक्य. वापरण्याच्या अंतिम तारखेचा नेमका उल्लेख लागतो आणि ती तारीख आजीच्या अनुभवावर नव्हे, तुमच्या पाकिटातील तुमच्या पदार्थावरून ठरायला हवी. एका घाण्यातील काही पाकिटे बाजूला ठेवून ठरावीक दिवसांनी एकेक उघडावे, वास, कुरकुरीतपणा आणि चव नोंदवावी, आणि पहिला बदल जाणवला त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापावी. खोलीत उकाडा असताना केलेली चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते.

भाजणी किंवा लाडू यांच्या पाकिटावर मधुमेह आटोक्यात ठेवतो, सांधेदुखी घालवतो अशी विधाने अजिबात करू नका. रोग बरा करण्याचे दावे अन्नपदार्थाला करता येत नाहीत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. समाजमाध्यमावरील तुमची पोस्टही जाहिरातच ठरते. पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळण्यासही २०१८ च्या वेष्टन विनियमांनी मनाई केली आहे, कारण छपाईची शाई तेलात उतरते. वजनासाठी वैधमापनशास्त्र (वजन-मापे तपासणाऱ्या) विभागाकडून पडताळणी होऊन शिक्का बसलेला काटाच वापरा.

सोसायटीच्या बाबतीत सचिवांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. उपविधींनुसार सदनिका ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी वापरायची असते आणि वापर बदलायचा तर समितीची परवानगी घ्यावी लागते. एफएसएसएआयची नोंदणी ही अट मोडू शकत नाही. मात्र घरातल्या दोन बर्नरच्या शेगडीवर दिवसाकाठी काही किलो फराळ करणे आणि फ्लॅटचा कारखाना करणे यांत फरक आहे, आणि तो समितीपुढे लेखी मांडणे तुमच्या हातात आहे. कामाच्या वेळा, दिवसाचे जास्तीत जास्त प्रमाण, बाहेरचा कामगार येणार की नाही, माल घ्यायला लोक दारापर्यंत येणार की तुम्ही खाली नेऊन देणार, वापरलेले तेल कोठे जाणार, हे सर्व एका पत्रात लिहा. शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुधा तळणाचा वास, तेलाने तुंबणाऱ्या नळ्या आणि लिफ्टमधील वर्दळ याच असतात. त्यांची उत्तरे आधीच दिलेली असली तर मर्यादित स्वरूपाची परवानगी मिळते, असे मी अनेकदा पाहिले आहे. घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्या. महानगरपालिकेच्या बाजार-परवाना आणि आरोग्य विभागांच्या अटी शहराशहरांत वेगळ्या असतात, त्यामुळे प्रभाग कार्यालयात तुमच्या पत्त्यासाठी प्रत्यक्ष विचारणा करावी.

गॅसविषयी स्पष्ट बोलतो. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच असते. विक्रीच्या कामाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर लागते आणि ते फ्लॅटमध्ये ठेवायचे तर वितरकाकडून जागेची सुरक्षितता पाहून घ्यावी लागते. हवेशीर जागा नसेल तर पुरेशा क्षमतेची वीजजोडणी घेऊन इंडक्शन शेगडी आणि विजेची तळणी वापरणे मला अधिक योग्य वाटते.

कराचा भाग सुरुवातीला तुम्हांला फारसा अडणार नाही. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपये उलाढालीची आहे. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे आणि बँकेकडे जाताना उपयोगी पडते.

तुमच्या अडीच महिन्यांत मी कामे अशी लावली असती: या आठवड्यात सोसायटीला पत्र आणि फॉसकॉसवर अर्ज, अर्ज विचाराधीन असताना चिवडा, चकली, शंकरपाळी आणि भाजणी या चारच पदार्थांचे नमुने करून टिकण्याची चाचणी सुरू, क्रमांक हाती आल्यावरच लेबलांची छपाई. त्याच वेळी एक वही घाला आणि तीत प्रत्येक घाण्याची तारीख, पीठ-तेल कोठून घेतले आणि कोणाला किती पाकिटे गेली, हे लिहू लागा, म्हणजे एखादी तक्रार आली तर त्या घाण्याची सर्व पाकिटे एका दिवसात परत मागवता येतील. खव्याची करंजी किंवा ओल्या नारळाचे पदार्थ या दिवाळीत घेऊ नका, कारण त्यांना शीतसाखळी, म्हणजे बनवल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सतत थंडावा, लागते. लोणच्याचा हंगाम पुढच्या उन्हाळ्यात येईल आणि तोपर्यंत सामूची तपासणी होऊन जाईल. डब्यांचा निर्णय मात्र थर्मामीटर घेऊन, स्वतःच्या घरच्यांसाठी काही आठवडे भरलेल्या डब्यांचे दुपारी बाराचे तापमान नोंदवल्यावरच करावा.